इन्काराचा हक्क, संमतीचा हक्क

ग्राहकांच्या खासगी माहितीचे सर्व व्यवहारांत रक्षण करील असा एकही व्यापक कायदा अमेरिकेच्या केंद्रीय विधिमंडळाने अद्याप केलेला नाही, आणि म्हणूनच ही जबाबदारी एकेका राज्याकडे आली. त्यांत अग्रेसर ठरले कॅलिफोर्निया. अ‍ॅलिस्टर मॅकटॅगर्ट या सॅन फ्रान्सिस्कोच्या इमारत-व्यावसायिकाने हा प्रश्न थेट मतदारांपुढे नेण्यासाठी सहा लाखांहून अधिक सह्या जमवल्या, तेव्हा कुठे कायदेमंडळ हालले. आणि प्रस्ताव मागे घेण्याची मुदत ज्या दिवशी संपत होती त्याच दिवशी, २८ जून २०१८ रोजी, कायद्यावर गव्हर्नर जेरी ब्राऊन यांची स्वाक्षरी झाली.

या कायद्याने तेथील रहिवाशाला, मोठ्या कंपन्यांच्या दप्तरी आपली कोणती माहिती आहे हे विचारण्याचा, ती पुसून टाकायला लावण्याचा आणि तिच्या विक्रीस मनाई करण्याचा अधिकार दिला. ‘विक्री’ म्हणजे केवळ रोख रकमेचा सौदा नव्हे, हे सेफोरा या प्रसाधन-विक्रेत्या कंपनीच्या प्रकरणात दिसून आले. ग्राहक संकेतस्थळावर काय न्याहाळतो याची माहिती तिने जाहिरात व विश्लेषणाच्या सेवांच्या मोबदल्यात इतरांना दिली, आणि ब्राउझरमधून आपोआप पोहोचणारा ग्राहकाचा नकारही मानला नाही, असा राज्याचा आरोप होता. २०२२ मध्ये बारा लाख डॉलर भरून तिने तडजोड केली.

तरीही या कायद्यात एक मूलभूत उणीव आहे असे मला वाटते. व्यापाऱ्याने आधी परवानगी मागावी असे तो सहसा म्हणत नाही. ग्राहकाने मागाहून इन्कार कळवावा, एवढीच त्याची अपेक्षा, आणि माहितीची चोरी वगळता ग्राहकाला स्वतः फिर्याद करण्याची मुभाही नाही. याउलट इलिनॉयचा २००८ चा कायदा बोटांचे ठसे किंवा चेहऱ्याची ठेवण टिपण्यापूर्वीच लेखी संमती मागतो व सामान्य माणसाला न्यायालयाचे दार उघडे ठेवतो. त्याच कायद्याखाली फेसबुकला पासष्ट कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. धाक असतो तो अशा कायद्याचा, आणि व्हर्जिनियासारख्या ज्या राज्यांनी फिर्यादीचा हक्क सर्वस्वी नाकारला, त्यांनी ग्राहकाच्या हाती फार थोडे दिले.

कॅलिफोर्नियातील हक्क मात्र नागरिकत्वावर नव्हे, वास्तव्यावर अवलंबून आहे. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही तो लाभतो. माहितीच्या नोंदणीकृत दलालांना एकाच अर्जाने आपली माहिती पुसायला लावण्याची तरतूद तेथे २०२३ मध्ये झाली आहे. तिचा लाभ त्यांनी अवश्य घ्यावा.