घरकुलाला ठेकेदार लागतोच का?

सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातलं जे गाव सर्वांत आधी गाठलं, ते अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली. 1990च्या दशकात इथल्या काही कुटुंबांनी घरांचे सागाचे खांब-वासे उकलून गुजरातेतल्या परवेटा वसाहतीत नेले. जे मागे राहिले त्यांनी वर टेकडीवर पुन्हा घरं उभी केली. नर्मदाकाठच्या आदिवासी गावांत घर उभारायला शेजारीपाजारी मदतीला येतात, त्याला लाह म्हणतात. अशा लोकांना घर कसं बांधायचं हे कुणी सांगायला नको. पण सिमेंटच्या घरकुलाबरोबर ठेकेदार आला आणि गैरसमजही आले.

त्यातला सर्वांत महागात पडणारा समज म्हणजे, घरकुल मंजूर झालं की ठेकेदार सरकारच नेमतं. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. 2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणच्या नियमांनुसार शासकीय यंत्रणेने ठेकेदार नेमायचाच नाही. सपाट भागात 1.20 लाख आणि डोंगराळ, दुर्गम भागात 1.30 लाख रुपयांचं साहाय्य हप्त्याहप्त्याने थेट लाभार्थ्याच्या खात्यात येतं. घर निदान 25 चौरस मीटरचं हवं आणि ते लाभार्थ्याने स्वतः बांधायचं किंवा आपल्या देखरेखीखाली बांधून घ्यायचं. गवंडी कोण, हे तुम्ही ठरवायचं. ‘साहेबांनी पाठवलंय’ म्हणत येणारा किंवा पासबुक सांभाळायला मागणारा माणूस दारातूनच परत पाठवावा. काम अर्धवट टाकून तो निघून गेला, तरी दप्तरी अपुरं घर तुमच्याच नावावर राहतं.

दुसरा समज: सर्वांत कमी भाव सांगेल तो मिस्त्री स्वस्त. काम मजुरीवर आहे की मालासकट, हे ठरल्याशिवाय चौरस फुटाच्या भावाला काही अर्थ नाही. मणिबेलीसारख्या ठिकाणी तर खरा खर्च वाहतुकीत दडलेला असतो. सिमेंटच्या गोण्या आणि सळई बोटीने आणायची, तर बोटीचं भाडं कोणाचं? काठावरून वर चढवायची मजुरी कोणाची? वाटेत गोणी भिजली तर नुकसान कोणाचं? हे साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या किंवा अंगठे करावेत, साक्षीला गावातली दोन माणसं घ्यावीत. असा कागद करायला कुरकुरणारा मिस्त्री मी तरी निवडणार नाही.

उचल द्यावीच लागते, हे खरं. निम्मी रक्कम आधी द्यावी लागते, हे खरं नाही. जोता, लिंटेल, छप्पर अशा टप्प्यांवर पैसे ठरवावेत. सरकारही हप्ते कामाचे फोटो पाहूनच सोडतं.

‘53 ग्रेडचं सिमेंट वापरलंय, आता काळजी नाही’, हेही नेहमी ऐकू येतं. काळजी तिथूनच सुरू होते. ओलावा मिळाला नाही तर भारीतलं सिमेंटही कच्चं राहतं. आयएस 456 या भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान 7 दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान 10 दिवस पाणी द्यायला हवं. हवा कोरडी आणि तापलेली असेल तर अनुक्रमे 10 आणि 14 दिवस. पाणी कोण मारणार, हेही त्याच कागदावर असू द्या. मिस्त्री दुसऱ्या गावाला गेला की हे काम बहुधा घरच्या बाईवर येतं आणि हंडे तिलाच वाहावे लागतात.

मिस्त्रीची पारख त्याच्या मोबाइलमधल्या फोटोंवरून करू नका. त्याने बांधलेल्या आणि निदान दोन पावसाळे खाल्लेल्या घरात जा. स्लॅब खालून पाहा, कोपऱ्यात ओल आहे का ते पाहा आणि उरलेल्या कामासाठी तो परत आला होता का, हे त्या घरच्यांना विचारा.

फसवणूक झाली की रेराकडे जायचं, हाही समजच. रेरा कायदा विक्रीसाठीच्या प्रकल्पांचा आहे. स्वतःच्या घराचं बांधकाम-दुरुस्ती त्यात येत नाही. ठेकेदाराने काम निकृष्ट केलं तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही सेवा मानली आहे. मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. मात्र दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती जपून ठेवा.