वेल्डिंगपूर्वी ॲल्युमिनियमचा पत्रा कापण्याच्या पद्धतीची निवड

प्रस्तावना :
लातूर जिल्ह्यात धातुकाम हा विषय आता शेती अवजारे व खिडक्यांच्या जाळ्या एवढ्यापुरता मर्यादित राहिलेला नाही. लातूर येथील मराठवाडा रेल्वे कोच कारखान्याची पायाभरणी ३१ मार्च २०१८ रोजी झाली व २५ डिसेंबर २०२० रोजी तेथे डब्याचा पहिला सांगाडा तयार झाला. पुण्यात ६ मार्च २०२२ पासून धावणाऱ्या मेट्रोचे डबे तर ॲल्युमिनियमचे आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवी अभ्यासक्रमात व्यावसायिक कौशल्याचे विषय आले. त्यामुळे देवणीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी कोणते यंत्र घ्यावे, हा प्रश्न खरेदी समितीवरील मराठीच्या किंवा वाणिज्याच्या प्राध्यापकासमोरही येऊ शकतो. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन एवढेच.

धातूचा स्वभाव :
लोखंड गॅसने कापले जाते, कारण तापलेले लोखंड प्राणवायूत जळते व त्याचे ऑक्साइड वितळून वाहून जाते. ॲल्युमिनियमचे तसे नाही. हा धातू ६६० अंश सेल्सिअसला वितळतो. परंतु त्यावरील ऑक्साइडचा थर वितळण्यास सुमारे २०५० अंश लागतात. म्हणून गॅस कटर येथे निरुपयोगी ठरतो. दुसरी बाब हायड्रोजनची. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये तो घन अवस्थेच्या सुमारे वीसपट विरघळतो आणि धातू गोठताना बाहेर पडू न शकल्यास सांध्यात बारीक छिद्रे राहतात. हा हायड्रोजन येतो कोठून? कापलेल्या कडेवरील तेल, ओलावा आणि ओलसर ऑक्साइड यांतून. याचाच अर्थ, सांध्याचा दर्जा वेल्डिंगची ठिणगी पडण्यापूर्वीच बऱ्याच अंशी ठरलेला असतो.

पद्धतींचा विचार :
पातळ पत्र्यासाठी कातरयंत्र स्वस्त व जलद होय. मात्र पाते बोथट असल्यास कड फाटल्यासारखी होते आणि त्या सुरकुत्यांत तेल अडकून बसते. ते पुसून निघत नाही. कड कानशीने साफ करावीच लागते. कार्बाइड दात्यांची वर्तुळाकार करवत ही प्रस्तुत लेखकाच्या मते लहान कार्यशाळेसाठी सर्वांत योग्य निवड आहे. कड स्वच्छ येते, उष्णता अल्प निर्माण होते आणि जाड पत्राही कापता येतो. पत्रा शिकंजात घट्ट आवळणे व चेहऱ्यावर ढाल असणे मात्र अनिवार्य आहे, कारण उडणारा कीस तीक्ष्ण असतो.

प्लाझ्मा कटरचे आकर्षण मोठे आहे आणि विक्रेतेही त्याचाच आग्रह धरतात. वेग आहेच, पण कडेचा धातू वितळून पुन्हा गोठलेला असतो. ६०६१ सारख्या उष्णतासंस्कारित मिश्रधातूत तेथे सूक्ष्म भेगा पडतात. त्यामुळे वेल्डिंगपूर्वी सुमारे ३ मिलिमीटर कड यंत्राने काढून टाकावी लागते, म्हणजे वाचलेला वेळ पुन्हा खर्ची पडतो. याहून गंभीर गोष्ट अशी की, पाण्याच्या टेबलावर ॲल्युमिनियम कापल्यास धातू व पाणी यांच्या अभिक्रियेतून हायड्रोजन वायू निर्माण होतो. तो पत्र्याखाली साचल्यास स्फोट होऊ शकतो. लेझर व जलधारा या पद्धती उत्तम, पण त्या मोठ्या कारखान्यांच्या आहेत. जलधारेनंतरही कडेवरील वाळूचे कण व ओलावा काढावाच लागतो.

कड कशीही कापलेली असो, प्रथम ॲसिटोनने तेल काढावे आणि नंतरच ब्रशने ऑक्साइड घासावे. क्रम उलटल्यास तेल धातूत रगडले जाते. ब्रश स्टेनलेस स्टीलचा व केवळ ॲल्युमिनियमसाठीच राखून ठेवलेला हवा.

ग्राइंडरवरील साध्या चकतीचा वापर आपल्याकडे सर्रास होतो. मऊ धातू चकतीत भरून ती तापते व फुटू शकते. शिवाय चकतीतील राळेचे अवशेष कडेवर राहतात. त्याच यंत्रावर आधी लोखंड घासलेले असेल, तर गंजाचा चुरा व ॲल्युमिनियमची भुकटी एकत्र येतात. हे मिश्रण ठिणगीने पेटल्यास रेल्वेरूळ जोडणाऱ्या थर्माइटप्रमाणे जळते आणि त्यावर पाणी ओतणे घातक ठरते. म्हणून कार्यशाळेत लोखंडाचे व ॲल्युमिनियमचे ग्राइंडर वेगळे ठेवावेत, भुकटी रोज झाडून काढावी आणि जवळ कोरड्या वाळूची बादली असावी.