मुक्या दगडांना वाचा कोण देईल?

लग्नसराईत किंवा नाताळाच्या तोंडावर खेड्यापाड्यांतील आपली कुटुंबे बेळगावच्या खडेबाजारात खरेदीसाठी येतात आणि कापडचोपड, भांडीकुंडी घेऊन सायंकाळी परततात. याच बाजारातून दक्षिणेस शहापूर ओलांडले, की वडगाव-माधवपूर लागते. तेथील घरांच्या पायाखाली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे एक नगर निजले आहे, हे मात्र फार थोड्यांस ठाऊक असते.

१९७० नंतरच्या दशकात धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे प्राध्यापक अ. सुंदर यांनी येथे उत्खनन केले. सातवाहनांच्या काळातील विटांची बांधकामे आणि नाणी उजेडात आली. ब्राह्मी लिपीतील लेख असलेला एक दगडी स्तंभही याच परिसरातला आहे. पुढे शहर वाढले आणि त्या जमिनीवर वस्ती झाली. विद्यापीठाने वेळीच कुदळ हाती घेतली म्हणून एवढे तरी आपणांस कळले.

वाचकहो, विद्यापीठ आणि संग्रहालय यांचे नाते शेतकरी आणि कोठार यांच्या नात्यासारखे आहे. एकाने पिकवावे, दुसऱ्याने राखावे. कोठाराविना धान्य कुजते, आणि पिकविणाराच नसेल तर कोठार रिते राहते. जाणत्याने वाचला नाही तर शिलालेख हा नुसता दगड. आणि वाचूनही जपला नाही, तर तो उद्या कोणाच्या तरी उंबऱ्याची पायरी व्हायचा.

निपाणीहून उत्तरेस कोल्हापूर काही दूर नाही. तेथे पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. माती काढताना तेथे प्राचीन वस्तू हाती लागल्या. मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ साली तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले व त्याचा वृत्तांत १९५२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. ब्रह्मपुरीच्या वस्तूंसाठी १९४६ साली कोल्हापुरात संग्रहालय उभे राहिले. पुढे ते टाऊन हॉलच्या इमारतीत आले. ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची तेथील छोटी कांस्यमूर्ती आपला करवीर प्रांत त्या काळी रोमन जगाशी व्यापार करीत होता, याची साक्ष देते. वस्तू सापडली, विद्वानांनी तिचा अर्थ सांगितला आणि ती आपल्याच लोकांच्या डोळ्यांसमोर राहिली. यालाच आम्ही खरे सहकार्य म्हणतो.

याच्या उलट एक गोष्ट बेळगावचीच आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातील, १२०४ सालचे जैन मंदिराच्या दानाचे दोन शिलालेख इंग्रजी अमदानीत लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेले. तेथे बार्नेट नावाच्या पंडिताने ते वाचून प्रसिद्ध केले. हे गृहस्थ त्याच म्युझियममध्ये पौर्वात्य ग्रंथांचे प्रमुख होते आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संस्कृतही शिकवीत. विद्येची व संग्रहाची सांगड तेथेही पडली. दगड जपले गेले, वाचलेही गेले. परंतु ज्यांच्या पूर्वजांनी ते कोरविले त्यांच्या मुलांना ते पाहावयाचे तर समुद्र ओलांडावा लागतो. ज्ञान जगाचे झाले, घर मात्र रिकामे राहिले.

आपल्या ख्रिस्ती घरांचाही या विषयाशी जवळचा संबंध आहे. फादर स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण प्रथम १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. त्या काळच्या छापील आवृत्तींची एकही प्रत आज उपलब्ध नाही. भाविकांनी हाताने उतरून काढलेल्या पोथ्यांमुळे ग्रंथ टिकला, आणि त्यांतील एक देवनागरी पोथी लंडनच्या विद्यापीठाच्या संग्रहात अभ्यासकांस सापडली. ती पोथी कोणी चुलीत घातली असती, तर आपले केवढे धन गेले असते!

म्हणून विद्यापीठे व संग्रहालये एकत्र आली तरी तेवढ्याने भागत नाही. तिसरा हात आपला हवा. विहीर वा पाया खणताना जुनी नाणी, खापरे, कोरीव दगड निघाले, तर ते घासूनपुसून चकचकीत करू नयेत व भंगारवाल्यास देऊ नयेत. ती जागा व खोली लिहून ठेवावी आणि पुरातत्त्व खात्यास अथवा तालुक्याच्या कचेरीस कळवावे. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान ठेव्याची खबर सरकारास देणे कायद्यानेही बंधनकारक आहे. माळ्यावरची जुनी प्रार्थनेची वही, आजोबांचे पत्र, लग्नाचा जुना दाखला हेही टाकून देण्यापूर्वी एखाद्या जाणत्यास दाखवावे.

मुलांना वर्षातून एकदा कोल्हापूरच्या किंवा धारवाडच्या संग्रहालयात न्यावे, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. ज्या मातीत आपण पेरतो तिच्या पोटात काय आहे, हे ज्या मुलाने डोळ्यांनी पाहिले, त्याच्या हातून पुढे एखादा कोरीव दगड सहसा फोडला जाणार नाही.