परमुलखीं नेण्याची शिदोरी

आपल्या मध्यमवर्गीय घरांतून हल्लीं एक दृश्य वरचेवर दिसतें. मुलगा किंवा मुलगी परदेशीं. तिकडे बाळंतपण, बारसें अथवा नवें घर. आणि इकडे उघड्या पेटीभोंवतीं पसरलेले डबे, पुड्या आणि बरण्या. विमानांतून किती किलो वजन नेतां येतें, याची चौकशी सर्वांनीं केलेली असते. तिकडचें सरकार काय आंत येऊं देतें, याची चौकशी मात्र क्वचितच कोणीं केलेली असते. मीं स्वतः ती केली नव्हती, हें आरंभींच कबूल करतों.

तीन वर्षांपूर्वीं नातवाच्या बारशासाठीं आम्ही उभयतां कन्येकडे ऑस्ट्रेलियास निघालों. पेटींत अर्धा किलो पेढे, दोन किलो तूरडाळ, घरीं निवडलेलें जिरें आणि धणे, शिवाय चहा व बिस्किटें. विमान उतरण्यापूर्वीं प्रत्येकास एक पत्रक भरावें लागलें. दूध, अंडीं, मांस, फळें, धान्य, बियाणें यांपैकीं कांहीं जवळ आहे काय, असा त्यांत स्पष्ट प्रश्न होता. माझी लेखणी 'नाहीं' या शब्दावर टेकली होती. छत्तीस वर्षें मुलांना खरें बोलण्याचे पाठ दिलेला मी शिक्षक. पण चार पेढ्यांनीं काय होतें, हा विचार त्या क्षणीं बलवत्तर ठरत होता. सौभाग्यवतींनीं माझा हात धरला. "अहो, खालीं सही करायची आहे ना? मग खोटें कशाला लिहितां?"

आम्हीं 'होय' लिहिलें. तपासणीच्या मेजावर पेटी उघडली गेली. पेढे, डाळ, जिरें आणि धणे काढून घेण्यांत आले. चहा व बिस्किटें परत मिळालीं. दंड एक पैचाही झाला नाहीं. परंतु घरीं वळलेल्या पेढ्यांचा डबा टाकाऊ पदार्थांच्या पिशवींत रिता होतांना सौभाग्यवतींचे डोळे भरून आले, आणि मला तो आपल्या अन्नाचा उपमर्द वाटला. परतल्यावर मीं या निर्बंधांचीं कारणें शोधून वाचलीं. माझें मत बदललें, म्हणून आज हें बोलत आहें.

प्रथम पेढ्याचें पाहूं. लाळ-खुरकत हा गुरांचा रोग आपल्या खेड्यांत कोणास ठाऊक नाहीं? तोंडांत आणि खुरांत फोड येतात, जनावर चारा सोडतें, दूध आटतें. माणसास तो सहसा बाधत नाहीं, म्हणून आपण शहरांतले लोक त्याची पर्वा करीत नाहीं. त्याचा विषाणु मांसांतून व दुधांतून दूरवर प्रवास करूं शकतो, आणि साध्या पाश्चरीकरणानें तो दुधांतून पूर्णपणें नाहींसा होतोच असें नाहीं. ऑस्ट्रेलियांत हा रोग १८७२ नंतर झालेला नाहीं. पेढा तर आटवलेल्या खव्याचा, असें आपण म्हणाल. मीही तिकडे तेंच म्हणालों. पण कोणत्या घरीं खवा किती वेळ आटवला, हें मेजापलीकडच्या माणसानें ओळखावें कसें?

ही भीति पोकळ नाहीं. इंग्लंडांत फेब्रुवारी २००१ मध्यें हा रोग उद्भवला. माग काढतां काढतां तपास नॉर्थंबरलंड परगण्यांतील एका वराहपालन केंद्रापर्यंत पोंचला. तेथें जनावरांना नीट न उकळलेलें खरकटें घातलें जात होतें, आणि बेकायदा आलेलें मांस त्यांत असावें, असा तज्ज्ञांचा तर्क झाला. साथ आटोक्यांत येईपर्यंत साठ लाखांहून अधिक जनावरें मारावीं लागलीं. मे महिन्यांत अपेक्षित असलेली सार्वत्रिक निवडणूकही जूनवर गेली.

डाळीची आणि जिऱ्याची गोष्ट याहून मनोरंजक आहे, आणि आपणांस थोडी लाजविणारीही. खापरा भुंगेरा नांवाचा तिळाएवढा एक किडा आहे. त्याचें मूळ स्थान आपलाच भरतखंड असावा असें मानतात, आणि 'खापरा' हें त्याचें नांव इंग्रजी पुस्तकांनींही आपल्याकडूनच उचललें आहे. याची केसाळ अळी कोठारांतील धान्याचा भुसा करते. अन्न न मिळाल्यास ती भेगेंत, पोत्याच्या शिवणींत शिरून निपचित पडून राहते, आणि अशा स्थितींत वर्षानुवर्षें जगूं शकते. त्या काळांत औषधेंही तिच्यावर फारशीं चालत नाहींत. १९५३ मध्यें हा किडा कॅलिफोर्नियांतील कोठारांत आढळला, तेव्हां त्याचा नायनाट करण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागला. ऑस्ट्रेलियानें २०२० पासून प्रवाशांच्या सामानांतून तांदूळ, तूर, मूग, मसूर, हरभरा, जिरें, धणे, बडीशेप, शेंगदाणे आणि सुक्या मिरच्या आणण्यास बंदी केली आहे. म्हणजे आपला निम्मा मिसळणाचा डबाच! अमेरिकाही ज्या देशांत हा किडा आहे तेथून येणाऱ्या प्रवाशांस तांदूळ आणूं देत नाहीं.

हे सारे तिकडच्या लोकांचे चोचले आहेत, असें कोणास वाटत असेल, तर त्यानें पुण्यांतील एखाद्या ओसाड माळावर जाऊन पाहावें. गाजरगवत, ज्याला आपल्याकडे काँग्रेस गवतही म्हणतात, तें मूळचें अमेरिका खंडांतलें. आपल्या देशांत त्याचा उपद्रव प्रथम नजरेस आला तो पुण्यास, १९५५ च्या सुमारास. परदेशांतून आलेल्या धान्याबरोबर त्याचें बीं आलें, असें सर्वसाधारणपणें समजतात. उपद्रवी किडींना व रोगांना पायबंद घालणारा कायदा आपल्याकडे १९१४ पासून होता. तरी बीं आंत आलें तें आलेंच. आज तें देशभर पसरलें आहे. तें पीक दाबतें, कातडीस खाज आणतें, दमेकऱ्यांस छळतें. त्याचीं पानें खाणारा मेक्सिकोंतील भुंगा १९८४ मध्यें मुद्दाम बंगळूर येथें सोडण्यांत आला. पण गवत हटलें नाहीं. आमच्या शाळेच्या क्रीडांगणावर दर श्रावणांत मुलांना घेऊन मी तें उपटीत असें. त्या मुलांच्या हातांना सुटलेली खाज आठवली, तेव्हां त्या तपासनिसावरील माझा राग ओसरला.

हापूस आंब्याचाही मोह अनेकांस होतो. व्यापारी पेटी जाते, मग माझी कां नाहीं, हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेनें आपला आंबा २००७ पासून घेण्यास सुरुवात केली, ती लासलगांव येथें किरणोत्साराची प्रक्रिया करून, सरकारी प्रमाणपत्रासह. फळमाशी सांपडली म्हणून युरोपीय संघानें मे २०१४ मध्यें आपला आंबा बंद केला, तो जानेवारी २०१५ पर्यंत. घरच्या पेटीस प्रक्रिया नाहीं आणि प्रमाणपत्रही नाहीं.

येथवर किडींची आणि रोगांची गोष्ट झाली. याहून गंभीर असा एक पदार्थ आहे, आणि तो आपणांपैकीं बहुतेकांच्या स्वयंपाकघरांत आहे. तो म्हणजे खसखस. अफूच्या बोंडांतील हें बीं. बियांत स्वतः अमल नसला, तरी बोंडाच्या चिकाचा अंश त्यांस लागलेला असूं शकतो. आपल्याकडे तिच्यावांचून अनारसा होत नाहीं. परंतु संयुक्त अरब अमिरातींत आणि सिंगापुरांत ती अमली पदार्थांत गणली जाते, आणि तेथें ती नेणें हा केवळ दंडाचा नव्हे, तर तुरुंगाचा विषय होऊं शकतो. दिवाळीचा फराळ दुबईस पाठवितांना अनारसे वगळावे. गोड्या मसाल्यांतही पुष्कळ घरीं खसखस भाजून घालतात. तो कुटणारीस विचारल्यावांचून पेटींत ठेवूं नये. शेजाऱ्यांनीं "आमच्या बाळूला एवढी पुडी द्या हो" म्हणून दिलेलें बांधलेलें पुडकें तर उघडून पाहिल्याखेरीज मुळींच घेऊं नये. संकोच वाटतो, हें मी जाणतों. पण पेटी ज्याची, जबाबदारीही त्याचीच धरली जाते.

निर्बंध वेळोवेळीं बदलतात. तेव्हां त्या त्या सरकारचें अधिकृत संकेतस्थळ पेटी भरण्यापूर्वीं घरांतील तरुण मंडळींकडून वाचून घ्यावें. आणि शंका असेल तेथें पत्रकावर 'होय' लिहावें. पदार्थ जाहीर केला, तर बहुधा पदार्थच जातो. लपविला, तर न्यूझीलंडांत जागच्या जागीं चारशें डॉलर दंड होतो. बालीहून डार्विनला उतरलेल्या एका प्रवाशास जुलै २०२२ मध्यें मांस घातलेल्या न्याहारीच्या पावांपायीं २,६६४ डॉलर भरावे लागले. त्या पावांचा वास हुंगून काढला होता एका शिकविलेल्या कुत्रीनें.

आमच्या नातवाचें बारसें ठरल्या दिवशीं झालें. कन्येनें तेथल्याच बाजारांतून दुधाची भुकटी आणि लोणी आणलें, आणि सौभाग्यवतींनीं आदल्या रात्रीं जागून नवे पेढे वळले. वेलदोडे घेण्यासाठीं मी जवळच्या हिंदी वाण्याच्या दुकानांत गेलों. तेथें फळीवर तूरडाळ, जिरें, धणे सर्व कांहीं ओळीनें मांडून ठेवलेलें होतें. दोन किलो डाळ मीं उगाचच वाहून नेली होती.