औषधविक्रीचा परवाना आणि दुकानदाराची जबाबदारी

धान्य, कापड अथवा भुसार माल घेणारा ग्राहक माल हाताळून, वास घेऊन, नमुना पाहून मगच सौदा करतो. मालात खोट असली तर ती घरी गेल्यावर का होईना, त्याच्या ध्यानात येते आणि दुसऱ्या दिवशी तो दुकानदारास जाब विचारतो. औषधाची गोष्ट निराळी आहे. बाटलीवर लिहिले आहे तेच आत आहे की दुसरे काही, हे घेणाऱ्यास कळत नाही, आणि कळते तेव्हा पुष्कळदा वेळ निघून गेलेली असते. ग्राहकाची पारख येथे चालत नाही, म्हणूनच कायद्याने त्या पारखेचा भार मोठ्या अंशी विक्रेत्यावर टाकला आहे. हे सूत्र ध्यानात ठेवले म्हणजे या धंद्यावरील जे निर्बंध वरकरणी जाचक वाटतात, त्यांचा हेतू उमगू लागतो.

१९३० साली त्या वेळच्या हिंदुस्थान सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. तिच्या शिफारशींच्या पायावर पुढे १९४० चा औषध कायदा, १९४५ चे नियम आणि १९४८ चा फार्मसी कायदा हे उभे राहिले. मूळ औषध कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे व हैदराबाद ही संस्थाने होती आणि गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल होता. आज हा कायदा सर्व देशास लागू आहे. मात्र दुकानांना परवाने देणे व त्यांची तपासणी करणे हे काम राज्य सरकारांकडे आहे. महाराष्ट्रात ते अन्न व औषध प्रशासन पाहते, तर कर्नाटक, गोवा, मध्य प्रदेश, गुजरात व तेलंगण या राज्यांची खाती वेगळी आहेत. परवाना हा जागेचा असतो. तेव्हा एकाच पेढीचे एक दुकान बेळगावास व दुसरे चंदगडास असले, तर दोन्ही दुकानांस आपापल्या राज्याचा स्वतंत्र परवाना हवा. एकाच्या आधारावर दुसरे चालविता येत नाही.

किरकोळ विक्रीस सामान्यतः नमुना २० व २१ आणि घाऊक विक्रीस नमुना २०-बी व २१-बी यांतील परवाने लागतात. जागा निदान दहा चौरस मीटर असावी लागते आणि दोन्ही प्रकारचा व्यापार एकाच जागेत करावयाचा असल्यास पंधरा. २०१७ च्या दुरुस्तीपासून परवान्याच्या नूतनीकरणाची पद्धत गेली. आता दर पाच वर्षांनी परवाना कायम ठेवण्याचे शुल्क भरावे लागते. मुदत टळली तर सहा महिन्यांपर्यंत विलंबशुल्कासह ते भरता येते. त्यानंतर परवाना रद्द झाला असे समजले जाते. चोपडीत ही तारीख ठळक अक्षरांत लिहून ठेवावी.

किराणा व काष्ठौषधींचा व्यापार करणाऱ्या बंधूंनी एक भेद जाणून घ्यावा. आयुर्वेदिक औषधे तयार करण्यास परवाना लागतो. त्यांच्या विक्रीस या कायद्याखाली तो लागत नाही. पण त्याच फळीवर तापाच्या वा दुखण्याच्या डॉक्टरी गोळ्या ठेवल्या की परवान्याचा प्रश्न उभा राहतो. हजाराहून अधिक वस्ती नसलेल्या खेड्यांत काही घरगुती औषधांपुरती अटींसह सूट आहे. ती शहरातील दुकानास लागू नाही.

आता मुख्य मुद्दा फार्मासिस्टचा. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः अथवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले पाहिजे, असा स्पष्ट नियम आहे. तरीही कोठे कोठे प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले असते आणि त्याचा धनी मात्र महिन्यातून एकदा दुकानी येऊन मानधन घेऊन जातो. ही काटकसर महागात पडणारी आहे. चिठ्ठीवरील अक्षर चुकीचे लागून वा मात्रा दुप्पट होऊन एखाद्यास अपाय झाला, तर त्या क्षणी गल्ल्यावर कोण होते हाच पहिला प्रश्न विचारला जाईल.

चिठ्ठीसंबंधीचे नियम थोडे, पण नेमके आहेत. ‘शेड्यूल एच’मधील औषध चिठ्ठीवाचून देता येत नाही. चिठ्ठीवर तारीख, डॉक्टरची सही, रुग्णाचे नाव व पत्ता, औषधाचे प्रमाण व मात्रा असावी. डॉक्टरने तसे लिहिले नसेल तर तीच चिठ्ठी दुसऱ्यांदा चालत नाही. म्हणून औषध दिल्यावर तिच्यावर दुकानाचे नाव व तारीख घालावी. लिहिलेले औषध शिल्लक नसल्यास, द्रव्य तेच असले तरी, दुसऱ्या नावाचे औषध परस्पर देऊ नये. मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ लागू झाले. त्यात प्रभावी प्रतिजैविके, क्षयावरील औषधे व सवय लावणारी काही औषधे येतात. त्यांची स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. प्रतिजैविके वाटेल तशी घेतली गेल्याने रोगजंतू त्यांना दाद देईनासे होतात, हे या नोंदवहीमागील कारण आहे.

१९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल म्हणून दिलेल्या द्रवात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले आणि चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून सरकारी देखरेखीपर्यंतच्या साऱ्या व्यवहाराची झडती घेतली. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधात तेच विष सापडले आणि वीसहून अधिक बालके मृत्युमुखी पडली. अशा वेळी दोषी बॅच कोणकोणत्या दुकानांत गेली हे कळण्याचे साधन म्हणजे बिले. ज्याच्या फाइलीत बॅच क्रमांकासह बिल आहे, तो दुकानदार तासाभरात तो माल फळीवरून उतरवू शकतो. ज्याने स्वस्त मिळतो म्हणून बिलावाचून माल घेतला, त्यास आपल्या दुकानात काय आहे हेच ठाऊक नसते.

हीच बिले दुकानदारास कायद्याचेही संरक्षण देतात. औषध कायद्याच्या १९ व्या कलमानुसार विकलेले औषध सदोष निघाले तरी, ते परवानाधारकाकडून घेतले होते, वाजवी काळजी घेऊनही दोष कळण्याजोगा नव्हता आणि माल योग्य रीतीने साठवून मिळाला तशाच स्थितीत ठेवला होता, या तीन गोष्टी सिद्ध करणारा विक्रेता जबाबदारीतून मुक्त होतो. इन्शुलिन व लसी दोन ते आठ अंश तापमानात ठेवणे, शीतपेटीचा वीजपुरवठा पाहणे व मुदत संपलेला माल वेगळा काढणे ही कामे या तिसऱ्या अटीत मोडतात.

निरीक्षकाने नमुना घेतला तर घाबरून जाण्याचे कारण नाही. तो मालाची वाजवी किंमत देऊ करतो आणि मोहोरबंद केलेल्या नमुन्याचा एक भाग विक्रेत्याकडे सोपवितो. तो भाग न उघडता जपून ठेवावा. सरकारी विश्लेषकाच्या अहवालाची प्रत हाती आल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आत तो मान्य नसल्याचे लेखी कळविले नाही, तर त्यातील निष्कर्ष निर्णायक पुरावा ठरतो. परवाना रद्द वा निलंबित करण्यापूर्वी खुलाशाची संधी मिळते आणि हुकुमाविरुद्ध तीन महिन्यांच्या आत राज्य सरकारकडे अपील करता येते. या मुदती ठाऊक नसल्याने निर्दोष दुकानदारही अडचणीत येऊ शकतो.

सारांश, औषधाच्या दुकानात तीन गोष्टींत कधीही काटकसर करू नये: फार्मासिस्टची उपस्थिती, खरेदीचे बिल आणि साठवणुकीची दक्षता. घरातील तरुण मंडळींस हा धंदा शिकविताना नफ्याच्या हिशेबाआधी या तीन गोष्टींचा हिशेब शिकवावा. रात्री-अपरात्री आजाऱ्याचा माणूस ज्या दुकानाचे दार ठोठावतो, तो बाटलीच्या आत पाहू शकत नाही. तो दुकानदाराच्या शब्दावर औषध घेऊन जातो.