आमवात, हळद आणि आमचा सल्ला

माधवकरानें आपल्या निदानग्रंथांत आमवाताच्या वेदनेस विंचवाच्या दंशाची उपमा दिली आहे. बाराशें वर्षांपूर्वींचा हा ग्रंथ आम्हीं तरुणपणीं वाचला होता. उपमेचा अर्थ मात्र तीन वर्षांपूर्वीं, कोल्हापूरच्या ऐन पावसाळ्यांत, आमच्या सूनबाईचीं सुजलेलीं बोटें पाहून कळला. सकाळीं तासभर तरी तिची मूठ वळत नसे.

उतारवयांत गुडघे झिजतात तो संधिवात निराळा आणि हा निराळा. आमवातांत शरीराची रक्षणशक्तीच स्वकीयांवर उलटते, सांध्याचें आंतलें अस्तर सुजतें आणि कूर्चा व हाड कुरतडलें जाऊं लागतें. तें हाड सहसा पूर्ववत् होत नाहीं. म्हणून डॉक्टरांनीं मेथोट्रेक्सेट नांवाचें औषध आठवड्यांतून एकदांच घ्यावयास सांगितलें. चार महिन्यांत सूज उतरली, आणि येथेंच आमची पंडिताई आडवी आली. "सूनबाई, हळद, सुंठ, गुग्गुळ घरांत असतांना हें उग्र औषध किती दिवस घेणार?" असें आम्हींच म्हटलें. वडीलधाऱ्यांचा शब्द तिनें मोडला नाहीं. वर्षभर दुखणें सोसण्याजोगें होतें; पुढें क्ष-किरणचित्रांत दोन सांध्यांचीं हाडें खाल्लेलीं दिसलीं.

मग आम्ही वाचावयास बसलों! (हें आधीं करावयास हवें होतें.) हळदीचा गुण मुख्यतः ज्या कुर्कुमिन द्रव्याचा मानितात, तें हळदीच्या पुडींत शेंकडा तीनच्या आसपास असतें आणि रक्तांत फार थोडें उतरतें. बंगळूरच्या संशोधकांनीं १९९८ सालीं मिऱ्यांतील पिपरिन त्याजबरोबर दिलें, तेव्हां माणसांत तें सुमारें वीसपट उतरलें. परंतु तेंच पिपरिन इतर औषधांचेंही रक्तांतील प्रमाण वाढवूं शकतें. तेव्हां असल्या गोळ्या डॉक्टरांपासून लपवून घेणें बरें नव्हे.

पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीं अश्वगंधा, सालईचा डिंक, सुंठ व हळद यांचें मिश्रण आमवाताच्या १८२ रोग्यांवर सोळा आठवडे पारखलें. निष्कर्ष २००० सालीं प्रसिद्ध झाला. कांहींची सूज उतरली खरी, पण औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांपैकींही पुष्कळांना बरें वाटलें होतें. शिवाय सोळा आठवड्यांत हाड वांचलें कीं नाहीं, हें ठरत नाहीं. वेदना उतरणें आणि सांधा वांचणें आम्हीं एकच मानलें, तें चुकलें. खुद्द माधवकरही एका दोषाचा आमवात साध्य आणि दोन दोषांचा याप्य म्हणतो. आजचे डॉक्टर पहिल्या कांहीं महिन्यांतच उपचार सुरू करा म्हणून सांगतात. हें साम्य आम्हांस वेळीं सुचलें नाहीं.

सूनबाईची आठवड्याची गोळी पुन्हां चालू आहे. यकृत व रक्त तपासण्यासाठीं ती ठरल्या दिवशीं जाते. आमटींत हळद पूर्वींइतकीच पडते. डाव्या हाताचीं दोन बोटें मात्र वांकडींच राहिलीं. पोळ्या लाटण्याचें काम आतां आमच्या चिरंजीवांकडे आहे.