रुमालातले कागद, सड्यावरचा कातळ: वारशाच्या लोकाश्रयी जतनाचा मागोवा

महाराष्ट्राच्या इतिहासाची साधने जितकी सरकारी कोठारांत सापडली, तितकीच किंबहुना त्याहून अधिक ती वाड्यांच्या माळ्यांवर, कुलकर्ण्यांच्या फडताळांत, मठांच्या कोठड्यांत आणि गावांच्या समाईक जमिनींवर सापडली आहेत. त्यामुळे येथील वारशाच्या जतनाचा गेल्या सुमारे दीडशे वर्षांचा प्रवास पाहताना कायदे आणि खाती यांच्याआधी ती साधने ज्यांच्या ताब्यात होती त्या माणसांचा विचार करावा लागतो. धारकाला आपला हक्क जाण्याची भीती वाटली की साधन दडवले गेले, विकले गेले किंवा नष्ट झाले. त्याला विश्वास वाटला तेथे ते अभ्यासकासमोर आले आणि टिकले. हे सूत्र एकोणिसाव्या शतकातील कागदांना जसे लागू पडते तसेच एकविसाव्या शतकात कोकणातील कातळशिल्पांनाही लागू पडते.

ग्रँट डफ याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे चाळीस वर्षे तोच प्रमाण मानला गेला. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ मध्ये त्याच्यावर टीकात्मक निबंध वाचला, तेव्हा मूळ कागद पाहिल्याशिवाय मराठ्यांचा इतिहास नव्याने लिहिता येणार नाही ही जाणीव प्रथम स्पष्टपणे मांडली गेली. मात्र ते कागद मिळवणे सोपे नव्हते, कारण दरम्यानच्या काळात इनाम कमिशनचा अनुभव लोकांच्या गाठीशी होता. इनाम म्हणजे सारा पूर्ण किंवा अंशतः माफ करून दिलेली जमीन अथवा उत्पन्न. १८५२ च्या कायद्याने कंपनी सरकारने अशा प्रत्येक हक्काचा पुरावा मागितला आणि पुरावा अपुरा ठरला तेथे इनाम खालसा केले. सनद, ताम्रपट, निवाडापत्र असा प्रत्येक जुना कागद या चौकशीमुळे एकाच वेळी आधारही झाला आणि धोकाही. परक्या माणसासमोर रुमाल, म्हणजे कागद गुंडाळून ठेवण्याचे फडके, सोडायचा नाही अशी जी वृत्ती पुढील दोन पिढ्यांत दिसते तिला अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. ती अनुभवातून आलेली सावधगिरी होती, आणि घरातील भाऊबंदकीच्या दाव्यांनी तिला आणखी बळ दिले होते.

ही कोंडी फोडण्याचा पहिला संघटित प्रयत्न १८७८ मध्ये सुरू झालेल्या ‘काव्येतिहाससंग्रह’ या मासिकाने केला. काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांनी त्यातून बखरी, पत्रे आणि जुनी काव्ये छापली. घरातला कागद छापला गेल्याने घराण्याचे काही जात नाही, उलट त्याचे नाव राहते, हे वाचकांना त्यातून दिसू लागले. मिरजेत शिक्षकी करणारे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरांवर आयुष्याचा मोठा भाग खर्च करून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड काढले, तर साताऱ्याला दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी कागदांबरोबर चित्रे आणि वस्तूही जमवल्या. दप्तर हा शब्द येथे एखाद्या घराण्याच्या अथवा कचेरीच्या एकत्रित कागदपत्रांसाठी वापरला जातो. खऱ्यांचे उदाहरण विशेष बोलके आहे. ज्या प्रदेशातील घराण्यांचे कागद ते वाचत होते त्याच प्रदेशात ते राहत होते, आणि या शेजारामुळे जे शक्य झाले ते बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला क्वचितच साधले असते.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे कार्य याच पायावर उभे राहिले, परंतु त्याची व्याप्ती निराळी होती. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, त्यात १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतच्या मोहिमेपर्यंतच्या राजकारणाची पत्रे होती, आणि पुढे ही माला बावीस खंडांपर्यंत गेली. राजवाडे गावोगाव फिरत, मिळेल तेथे उतरत, घरमालकाशी दिवसेंदिवस बोलत आणि मोडी, म्हणजे त्या काळच्या व्यवहारात रूढ असलेली मराठीची जलद लेखनाची लिपी, वाचून त्याच्याच घरातील कागदाचा अर्थ त्यालाच सांगत. या शेवटच्या कृतीचे महत्त्व सहसा लक्षात घेतले जात नाही. मोडी वाचणारी पिढी सरत चालली होती, पुष्कळ घरांतील नव्या कर्त्या माणसांना आपल्या माळ्यावर काय आहे हे वाचताच येत नव्हते, आणि न वाचता येणाऱ्या कागदाची वाट वाळवी, चूल किंवा वाण्याची पुडी हीच होती. अशा घरात एखाद्या पूर्वजाचे पत्र मोठ्याने वाचून दाखवले जाणे हा जतनाचा आरंभ होता, कारण त्यानंतर तो कागद अभ्यासकाने नेला किंवा न नेला तरी निदान रद्दीत जात नसे.

या एकट्या माणसाच्या भटकंतीला संस्थेचे रूप ७ जुलै १९१० रोजी पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने दिले. सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे हे या स्थापनेत राजवाड्यांचे सहकारी होते. मंडळाच्या सभांत एखाद्या तालुक्याच्या गावातला वकील, शिक्षक किंवा पेन्शनर आपल्याला सापडलेले टिपण वाचत असे, त्यावर चर्चा होत असे आणि ते पुढे मंडळाच्या इतिवृत्तात छापले जात असे. पदवी किंवा अधिकारपद यांपेक्षा अस्सल कागद हीच तेथे बोलण्याची पात्रता होती. आज मंडळाच्या संग्रहात असलेले लाखो कागद अशाच लहान लहान देणग्यांतून साचले आहेत. मतभेदांमुळे राजवाडे स्वतः मंडळापासून दूर झाले आणि १९२६ मध्ये धुळ्यात त्यांचे निधन झाले. त्यांचे संशोधनसाहित्य तेथील लोकांनी जपले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे केले. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांनी ठिकठिकाणच्या मठांतून रामदासी हस्तलिखिते जमवली, त्यांसाठी समर्थ वाग्देवता मंदिर उभे राहिले. पुण्याबाहेरच्या एका गावात असे दोन संग्रह लोकांच्या बळावर टिकावेत, ही गोष्ट इतिहासलेखनाच्या इतिहासात अधिक ठळकपणे नोंदवली जायला हवी. या काळात पुण्यातच सरकारच्या ताब्यात असलेले पेशवे दफ्तर मात्र अभ्यासकांना जवळजवळ बंदच होते. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत निघाले तेव्हा कोठे ते काही अंशी उघडे झाले.

या चळवळीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. कागद ज्या घरांत होते ती घरे प्रामुख्याने सरदारांची, इनामदारांची, देशमुख-देशपांड्यांची आणि भिक्षुकांची होती, शोधणारेही बहुतांशी त्याच वर्तुळातील होते, आणि म्हणून मोहिमा, तह व वतने यांचा इतिहास जितका भरला तितका शेतकरी, कारागीर आणि स्त्रिया यांचा भरला नाही. त्र्यंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ (१९१५) आणि नारायण गोविंद चापेकर यांचा ‘बदलापूर’ (१९३३) हा आपल्या गावाचा अभ्यास यांनी दुसरी वाट दाखवली. चापेकरांनी घरे, पिके, जाती, धंदे, कर्ज, बोली आणि चालीरीती यांची चौकशी गावकऱ्यांकडूनच केली आणि जिवंत माणसाचे सांगणे हेही कागदाइतकेच साधन आहे हे सिद्ध केले. ही वाट पुढे म्हणावी तितकी रुळली नाही, ही मराठी विद्येची मोठी हानी होय.

किल्ल्यांच्या बाबतीत लोकसहभागाचे स्वरूप वेगळे होते, कारण तेथे मन वळवायला घरमालक नव्हता. होती ती उपेक्षा. रायगडावरील शिवाजी महाराजांच्या समाधीच्या दुरवस्थेविषयी १८८० नंतर लिहिले जाऊ लागले, १८९५ मध्ये टिळकांनी ‘केसरी’तून निधीचे आवाहन केले, लहान लहान वर्गण्या जमल्या आणि १८९६ मध्ये गडावर उत्सव झाला; समाधीचा जीर्णोद्धार मात्र आणखी तीन दशकांनी पार पडला. आज गडांवर टाकी उपसणारी, तोफांना लाकडी गाडे बसवणारी, दरवाजे उभारणारी तरुणांची पथके या परंपरेची वारस आहेत आणि त्यांचे श्रम निरपेक्ष आहेत, परंतु जाणकाराच्या देखरेखीशिवाय उपसलेल्या टाक्यातील गाळाबरोबर पुराव्याचे थरही जातात आणि चुन्याच्या जागी वापरलेले सिमेंट जुन्या दगडाला इजा करते, हेही तितक्याच आपुलकीने सांगणे आवश्यक आहे. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातील ११ आणि तमिळनाडूतील जिंजी अशा १२ किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाल्यानंतर ही शिस्त अधिकच निकडीची झाली आहे.

धारकाच्या विश्वासाचा प्रश्न आपल्या काळात सर्वांत तीव्रपणे उभा राहिला तो कोकणात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत डोंगरांच्या माथ्यावर जांभ्या दगडाची विस्तीर्ण, उघडी, जवळजवळ सपाट पठारे आहेत, त्यांना सडा म्हणतात. या सड्यांच्या पृष्ठभागावर काही सेंटिमीटर खोल कोरून काढलेल्या आकृत्या म्हणजे कातळशिल्पे होत. त्यांत माणसे आहेत, मासे, पक्षी, हत्ती आणि वाघ आहेत, आज कोकणात नसलेल्या गेंड्यासारखे प्राणी आहेत आणि ज्यांचा अर्थ लागलेला नाही अशा भौमितिक रचनाही आहेत. कशेळी येथील हत्तीची आकृती सुमारे १८ मीटर लांब असून तिच्या पोटात अनेक लहान प्राणी कोरलेले आहेत. कातळशिल्पांच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काहींच्या मते ती बारा हजार वर्षांइतकी जुनी असू शकतात, तर काही आकृत्या बऱ्याच अलीकडच्या मानल्या जातात.

गोव्यात सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठावरील उसगाळीमळ येथील शिल्पे १९९३ मध्ये स्थानिकांच्या माहितीवरून पुरातत्त्व खात्यापर्यंत पोहोचली. सिंधुदुर्गात कुडोपी येथील शिल्पसमूह सतीश लळीत यांनी प्रकाशात आणला, आणि रत्नागिरीत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ च्या सुमारास पद्धतशीर शोध आरंभला. त्यांची पद्धत राजवाड्यांच्या पद्धतीशी आश्चर्यकारक जुळणारी आहे: गावात जायचे, गुराख्यांना आणि वृद्धांना विचारायचे, त्यांच्याबरोबर सडा पायाखाली घालायचा. पावसाळ्यानंतर दाट गवताने झाकला जाणारा सडा ज्याने लहानपणापासून गुरे चारताना पाहिला आहे त्यालाच कोणती रेघ कोठे आहे हे ठाऊक असते. काही ठिकाणी गावकरी या आकृत्यांना पांडवांनी काढलेली चित्रे मानत, काही ठिकाणी त्यांचा संबंध देवाशी जोडलेला होता, आणि या श्रद्धेनेच त्या इतकी शतके शाबूत राहिल्या. अशा चौकशीतून सत्तरहून अधिक गावांतील दीड हजारांवर आकृत्यांची नोंद झाली. या कार्याचा पाया गुराख्यांच्या स्मरणशक्तीवर आहे आणि तिला साधनाचा दर्जा दिला गेला, यात त्याचे खरे मोठेपण आहे.

परंतु सड्याची जमीन बहुतेक खासगी आहे, तीही अनेकदा समाईक, म्हणजे एकाच सातबारा उताऱ्यावर अनेक कुटुंबांची नावे असलेली. त्यातील कित्येक वारस मुंबईत राहतात. त्याच जांभ्यातून घरांसाठी चिरे काढले जातात, त्याच सड्यावर बाहेरून माती आणून आंब्याच्या बागा उभ्या राहतात. येथे इनाम कमिशनच्या काळातील भीती नव्या रूपात परतते. केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास बंदी आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत नियंत्रण अशी तरतूद २०१० च्या दुरुस्तीने झाली आहे, आणि ती कातळशिल्पांना प्रत्यक्ष लागू असो वा नसो, शिल्प जाहीर झाले की जमीन अडकली अशी समजूत पसरण्यास ती पुरेशी ठरते. चिऱ्याच्या खाणीवर ज्याचे घर चालते त्याने आपल्या कातळावरील रेघांविषयी मौन पाळले तर त्याला दोष देता येत नाही. जेथे गाव विश्वासात घेतले गेले तेथे निराळे घडले. उक्षी येथे गावाच्या पुढाकाराने हत्तीच्या शिल्पाला संरक्षक बांधकाम झाले आणि पाहुण्यांची सोयही झाली. बारसूच्या सड्यावर मात्र नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षण सुरू झाले तेव्हा उपजीविका, रोजगार आणि वारसा हे तिन्ही प्रश्न एकाच जमिनीवर आले, आणि शिल्पांचा विषय त्या संघर्षात कधी ढाल म्हणून तर कधी अडथळा म्हणून वापरला गेला.

बारसू, उक्षी, कशेळी, जांभरूण, रुंढे तळी, देवीहसोळ आणि देवाचे गोठणे ही रत्नागिरी जिल्ह्यातील सात ठिकाणे, कुडोपी आणि गोव्यातील एक अशी नऊ स्थळे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली. अंतिम नामांकनाच्या नियमांत स्थानिक लोकांचा सहभाग अपेक्षित आहे आणि आवश्यक तेथे स्थळाभोवती संरक्षक पट्टा आखावा लागतो. हा पट्टा ज्या गटक्रमांकांवरून जाईल त्यांच्या सर्व हिस्सेदारांशी, मुंबईला गेलेल्यांसह, नकाशा पक्का होण्याआधी बोलणे, चिऱ्याच्या खाणीला आणि बागेला पर्याय काय हे त्यांच्यासमोर मांडणे आणि ग्रामसभेत ते नोंदवून घेणे, हे काम शिल्पांच्या मापनाइतकेच संशोधनाचा भाग आहे आणि त्याला त्या प्रमाणात माणसे व पैसा दिला गेला पाहिजे.